लिस्बनहून ५०० युरो निघाले, ४८२ पोचले

म्हापशेकर: अझुलेजु, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या फरशा रंगवून विकतो. गिऱ्हाइकानं पूर्ण ५०० पाठवल्याची पावती दाखवली. मधले १८ कुणी खाल्ले? वर आपल्या बँकेची फी, फीवर १८ टक्के जीएसटी. शाखेतला साहेब नुसते खांदे उडवतो.

फोंड्याची ताई: वाटेतल्या बँकेनं. पैसे पाठवताना फी कुणी भरायची ते निवडता येतं; गिऱ्हाइकानं ‘एसएचए’ (खर्च वाटून) निवडलं असणार, म्हणजे मधली कपात तुमच्या माथी. ‘ओयूआर’ निवडायला सांगा, मग सगळा खर्च त्याच्याकडे. बँका एकमेकींना पाठवतात त्या स्विफ्ट संदेशाची प्रत मागवा, बहुतेक त्यात दिसेल.

मडगाववाला: फी राहू द्या हो, दर बघा! बाजारभावापेक्षा युरोमागे दीड रुपया कमी दिला, तर ४८२ वर सव्वासातशे गेले. तिथंच घासाघीस करा. एफआयआरसी, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला, मात्र घ्याच.

म्हापशेकर: देव बरें करूं! ओयूआरला गिऱ्हाईक कुरकुरतंय, मीच म्हणतो, तो खर्च अर्धा-अर्धा करू.