कोल्हापूर सुटल्यावर काय काय आठवतं, आणि त्यातलं परगावी काय जमतं?

गंगावेस_ते_अबुधाबी

नुसतं "रंकाळा आठवतो" नको, तो सगळ्यांनाच आठवतो. चटणी (म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला), पांढरा रस्सा, मिसळीचा कट (तिखट रस्सा), चप्पल, गूळ यांतलं बाहेर काय टिकतं, काय घरी जमतं आणि बिघडतं ते कशामुळं, हे जाणकारांनी सांगा. इकडं सगळ्यांची रड दोन गोष्टींची: चटणीला बुरशी येते आणि पांढरा रस्सा फुटतो. आणि वर्षातून एकदाच सुट्टी मिळत असेल तर ती कधी टाकावी?

डंकावरची_चटणी

बुरशीचं मूळ कांद्यात. बाकी बहुतेक कोरडं असतं, कांदा जास्त ओला राहतो.

एक किलो मिरचीचं प्रमाण देतो. ७०० ग्रॅम ब्याडगी रंगाला, ३०० ग्रॅम संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला. धणे पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, जिरं ५० ग्रॅम, लसूण पाव किलो, कांदा अर्धा किलो, खडा गरम मसाला सगळा मिळून १०० ग्रॅमच्या आसपास, जाडं मीठ पाव किलोपेक्षा थोडं जास्त. मिठात हात आखडला की चटणी टिकत नाही.

कांदा पातळ चिरून दोन दिवस कडक उन्हात, मग तेलात गडद तांबूस तळायचा. गार झाल्यावर बोटांत धरून मोडा. कट्कन तुटला तर ठीक, वाकला तर परत कढईत. इथं घरच्या चटणीत लसूण कच्चाच जातो, ओली कोथिंबीरही घालतात; परदेशी जाणाऱ्या चटणीत कोथिंबीर अजिबात नको आणि लसूण तेलावर परतून घ्या. कुटून आणलेली चटणी गरम असते. ती तशीच बरणीत दाबली की आत वाफ धरते आणि वरचा थर आधी जातो. रात्रभर परातीत पसरून ठेवा, मग भरा. महिनाभराची बाहेर, बाकीची फ्रीजमध्ये, नाहीतर खोबरं खवट होतं.

आता महत्त्वाचं. खसखस घालू नका. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, सिंगापुरातही. नुसती पुडी नव्हे, मसाल्यात कुटलेलीसुद्धा. विकतचा मसाला नेणार असाल तर पाकिटामागची यादी वाचा. तिच्याऐवजी तीळ ५० ग्रॅम वाढवा, चवीत फारसं अडत नाही.

अळणी_आधी

पांढरा रस्सा फुटतो कारण नारळाचं दूध घातल्यावर लोक खळखळून उकळी आणतात. दुसरं कारण, मटण दह्यात किंवा लिंबात मुरवलेलं असतं. आंबट लागलं की फुटलाच.

किलोभर मटण मीठ, आलं-लसूण आणि दीड लिटर पाण्यात शिजवा. हळद नाही, नाहीतर रस्सा पिवळा. वरचा फेस काढून टाका. हे अळणी गाळून घ्या. एका मध्यम नारळाचं दाट दूध वेगळं काढून ठेवा. दोन चमचे पांढरे तीळ आणि १२–१५ काजू भिजवून अगदी गंधासारखं वाटण. तुपात चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, चार वेलदोडे, आठ-दहा मिरी, मग वाटण. मंद आचेवर दोन-तीन मिनिटंच, रंग बदलता कामा नये. त्यात गरम अळणी ओता, उकळू द्या, आणि आच बारीक करून शेवटी नारळाचं दूध. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. परत गरम करायचा तर पातेलं गरम पाण्यात ठेवून.

डब्यातलं नारळाचं दूध सहसा फुटत नाही, पण चव जड येते. आधी कोमट अळणीत पातळ करून घाला. उरलेल्या अळणीचा तांबडा रस्सा, हे सांगायला नकोच.

कट_जादा_दे

मिसळीला तर्री (वर तरंगणारं तांबडं तेल) येत नाही म्हणणारे बहुतेक तेलात कंजुषी करतात. कांदा-खोबऱ्याचं वाटण कडेनं तेल सुटेपर्यंत परता, आच कमी करून चटणी घाला (मोठ्या आचेवर ती करपते आणि कट कडू होतो), लगेच गरम पाणी. गार पाणी ओतू नका. मग मंद आचेवर वीस मिनिटं झाकून. मटकी वेगळी शिजवा, कटात नको, नाहीतर कट दाटून आमटी होते. आणि कृपा करून पाव शोधत फिरू नका. कोल्हापुरी मिसळीला स्लाइस ब्रेड लागतो, तो जगात कुठंही मिळतो.

कापशी_नऊ_नंबर

चपलेबद्दल. अस्सल कोल्हापुरीला खिळा नसतो, शिलाई चामड्याच्या वादीची. चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, म्हणून नवी चप्पल कडक लागते. घालण्याआधी आतून-बाहेरून एरंडेल चोळून रात्रभर ठेवा, अंगठ्याच्या पट्ट्याला जरा जास्त. पहिले काही दिवस घरात तासभरच. पाणी हा तिचा शत्रू: तळाचे थर फुगतात, वादी सैल होते. भिजलीच तर सावलीत वाऱ्यावर वाळवा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलीत तर चामडं तडकतं. एसीच्या कोरड्या हवेतही महिन्यातून एकदा तेलाचा हात हवाच. चप्पल लाइनीत (कोल्हापुरातला चपलांचा बाजार) घेताना उलटी करून तळ बघा. रबर किंवा नुसतं डिंकाचं चिकटकाम दिसलं तर खाली ठेवा.

गुळाचं थोडक्यात: पिवळाधमक रवा (गुळाची ढेप) बघून भुलू नका, तो रंग बहुतेकदा हायड्रोस या रंग उजळणाऱ्या रसायनाचा. तांबूस-काळपट घ्या, हंगामातला, म्हणजे दिवाळीनंतर मार्चपर्यंतचा. पावसाळ्यातला गूळ पाझरतो, बॅगेत कपड्यांची वाट लावेल.

महाद्वार_पश्चिम

सुट्टी नोव्हेंबरात टाका, ९ ते ११ धरून. अंबाबाईचा किरणोत्सव तेव्हा असतो, मावळतीची किरणं महाद्वाराच्या बाजूनं गाभाऱ्यात येतात: पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. दुसरी वेळ ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मात्र ढग, धुकं, वाटेतली बांधकामं यांमुळं किरणं कधी कधी मध्येच अडतात, म्हणून एकाच दिवसाच्या भरवशावर येऊ नका, तिन्ही संध्याकाळी हाताशी ठेवा.

त्याच फेरीत गुऱ्हाळंही चालू असतात. धारोष्ण दुधाला संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा. म्हैस समोरच पिळतात, फेसासकट ग्लास हातात. ते पार्सल होत नाही, विचारूही नका. फक्त बाहेर राहून कच्च्या दुधाची सवय मोडली असेल तर पहिल्या दिवशी अर्धाच ग्लास घ्या.

फुटबॉलसाठी यायचं असेल तर मात्र नोव्हेंबर लवकर होतो. पेठापेठांतल्या तालमींचे (इथले फुटबॉल संघ तालमींच्याच नावानं खेळतात) खरे सामने शाहू स्टेडियमवर डिसेंबरनंतर रंगतात. जानेवारीअखेर आलात तर किरणोत्सव आणि फुटबॉल दोन्ही साधतं, गूळही ताजा असतो. खासबाग कुस्ती मैदान दाखवायला पोरांना नेणार असाल तर आधी चौकशी करा: ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा मैदानाच्या व्यासपीठाचंही नुकसान झालं होतं.

गंगावेस_ते_अबुधाबी

जानेवारी पक्का. @डंकावरची_चटणी, ब्याडगी तेव्हा नवी येते का, की उन्हाळ्यापर्यंत थांबावं?

डंकावरची_चटणी

नवी मिरची यायला सुरुवात झालेली असते, पण तिच्यात ओल असते. जानेवारीत घेतलीत तर चार-पाच दिवस चांगलं ऊन द्या, देठ काढूनच वजन करा. एप्रिलची मिरची जास्त वाळलेली मिळते. घरचं कुणी तेव्हा कुटून पाठवणार असेल तर ते बरं.