सल्ला हवा: चंद्रावर बर्फ शोधायला छोट्या रोव्हरवर कोणता स्पेक्ट्रोमीटर?

भिंगरी:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं विद्यार्थी एका रोव्हरसाठी स्पेक्ट्रोमीटर आखतोय, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून पदार्थ ओळखणारं उपकरण. कागदावरच, पण मर्यादा खऱ्या धरून: २ किलो, १० वॅट. दक्षिण ध्रुवाजवळच्या कायम सावलीतल्या विवरात बर्फ आहे का ते बघायचंय. जमलं तर इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचं खनिजही, त्यातून ऑक्सिजन काढता येतो म्हणून. एक जण हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्यावर (चित्राच्या प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट घेणारा) अडून बसलाय, दुसरा लिब्सवर (लेसरने खडकाचा प्लाझ्मा करून त्याचा उजेड वाचायचा). मी मधल्यामधे.

जुनाखडक:
आधी सांगा, उजेड कुठून आणणार? कॅमेरा कितीही भारी घ्या, विवरात ऊनच पोचत नाही. चांद्रयान-१ वरच्या एम-थ्री या स्पेक्ट्रोमीटरच्या नोंदींत कडांवरून विखुरलेल्या उजेडात बर्फाच्या खुणा सापडल्या खऱ्या, पण तो उजेड फार क्षीण. दिवा स्वतःचा न्यायला हवा. नासाच्या व्हायपर रोव्हरच्या स्पेक्ट्रोमीटरला दिवा जोडलाय तो उगाच नाही.

मी असतो तर चित्राचा हट्ट सोडला असता. एकच ठिपका बघणारा स्पेक्ट्रोमीटर, शेजारी छोटा टंगस्टन दिवा, तरंगलांबीचा पल्ला १.२ ते २.४ मायक्रॉन, म्हणजे जवळचं अवरक्त. बर्फाचे १.५ आणि २ मायक्रॉनचे शोषणपट्टे (जिथे बर्फ उजेड गिळतो त्या तरंगलांबी) त्यात आरामात बसतात. ३ मायक्रॉनचा पट्टा सगळ्यात खोल, त्यामुळे मोह होतोच. पण त्याला डिटेक्टर भरपूर थंड ठेवावा लागतो. शिवाय उन्हातली तापलेली जमीन त्याच पट्ट्यात स्वतः प्रकाश सोडते. एम-थ्री ३ मायक्रॉनला थांबायचा, म्हणून ती उष्णता नेमकी किती वजा करायची यावर वाद झाले. चांद्रयान-२ चा आयआयआरएस हा स्पेक्ट्रोमीटर ५ मायक्रॉनपर्यंत बघतो, तिथे ही वजाबाकी सोपी जाते.

धूळवाफ:
लिब्सबद्दल: निर्वातात प्लाझ्मा झटकन पसरतो, सिग्नल पडतो. मंगळाच्या विरळ हवेत तो छान जमतो, क्युरिऑसिटी रोव्हरचा केमकॅम हा लिब्सच, ७ मीटरपर्यंतचे खडक वाचतो. प्रज्ञानच्या लिब्सने २०२३ मध्ये चंद्रावर गंधक पकडलं, नाही असं नाही. पण लिब्स मूलद्रव्य सांगतो. हायड्रोजन दिसला तरी तो बर्फातला की खनिजातला, हे तुम्ही कसं ओळखणार?

आणि इल्मेनाइट सोडाच. ते मुख्यतः मारियाच्या (चंद्रावरचे काळे सपाट प्रदेश) बेसॉल्टमध्ये, तुम्ही चाललात ध्रुवाकडच्या उंच प्रदेशात. वर ते काळंकुट्ट, जवळच्या अवरक्तात त्याला धड शोषणपट्टा नाही.

ओलीभुकटी:
जुनाखडक यांना +१. आमचा एक अनुभव सांगते, टेबलावर चाचणी घ्याल तेव्हा उपयोगी पडेल. बेसॉल्ट कुटून वाळलेली भुकटी ठेवली आणि आलेखात १.४ आणि १.९ मायक्रॉनला मस्त डिप, पाण्याची खूण! अर्धा दिवस सगळे खुशीत. मग कुणीतरी तीच भुकटी रात्रभर ओव्हनमध्ये ठेवली, बंद डब्यात कोरड्या नायट्रोजनखाली मोजली, आणि दोन्ही डिप जवळपास गायब. आम्ही खोलीतली दमट हवा मोजत होतो.

शिवाय प्रकाशाला वरचा मिलिमीटरभर थर दिसतो, फार तर. खालचं बघायचं तर चाकाने चर पाडा आणि लगेच मोजा. मीटरभर खोलीसाठी न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर (जमिनीतून येणाऱ्या न्यूट्रॉनवरून हायड्रोजन ताडणारा) लागतो, तो २ किलोत बसवायच्या फंदात पडू नका.

भिंगरी:
आभार! इल्मेनाइट आणि लिब्स दोन्ही काढले, एक जण रुसलाय. दिवा किती वॅटचा धरू?

जुनाखडक:
५ धरा, पण सतत पेटता ठेवू नका, बर्फालाच ऊब लागेल. एक वाचन दिवा लावून, एक बंद करून. वजा केलंत की डिटेक्टरचा स्वतःचा सिग्नल निघून जातो. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी कॅलिब्रेशन चकती लावा. खिडकीवर धूळ बसली की ती बघूनच कळेल.