मदत हवी आहे : पन्हं कडू झालंय, शुक्रवारी हळदीकुंकू

जुईचा_वेल – बुधवार, सायं. ६:४०
शुक्रवारी ५ वाजता चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. ७० जणी धरल्यात. काल रात्री १ किलो कैरीचं नमुन्यादाखल पन्हं केलं. रात्री छान होतं, आज दुपारी चाखलं तर कडू! काय चुकलं? आणि ७० जणींना कैरी किती लागेल? उद्या सकाळी मंडईत जायचंय, लवकर सांगा. कृती येते, कृती नको.

पाटावरवंटा – ६:५२
उकडलेल्या कैरीचं की कच्च्या? गूळ की साखर? नुसतं 'कडू' म्हटल्यावर काय सांगणार?

तीन_शिट्ट्या – ६:५८
कोय. फोडी करून उकडल्या असणार. कोवळ्या कैरीची कोय सुरीखाली सहज कापली जाते आणि आतल्या बीचा कडूतुरटपणा शिजताना गरात उतरतो. कैरी अख्खीच उकडायची. आधी देठ मोडून अर्धा तास पाण्यात टाकायची, म्हणजे चीक निघून जातो. मग कुकरच्या भांड्यात पाणी न घालता ठेवून ३ शिट्ट्या. ५-६ केल्या की साल फुटते, सालीचा रस गरात मिसळतो आणि तोही कडवटच.

कोकणकडा – ७:०५
मुळात उकडायचीच कशाला? कच्ची कैरी साल काढून किसा, किसाच्या चौपट गार पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळून गाळा. साखर, मीठ, वेलची. रंग पांढुरका हिरवा आणि कैरीचा वास जसाच्या तसा. उकडलेल्याला तो वास राहत नाही.

तीन_शिट्ट्या – ७:११
७० जणींना कीस पिळत बसणार का त्या? आणि कच्चं पन्हं तीन-चार तासांत उतरतं. उकडलेला गर आदल्या दिवशी करून ठेवता येतो. मोठ्या कार्यक्रमाला तोच मार्ग.

जुईचा_वेल – ७:२०
अहो, कृती येते म्हटलं ना! अख्ख्याच उकडल्या, देठ काढून, ३ शिट्ट्याच. गार झाल्यावर साल काढली, गर पिळला, गूळ, वेलची, मीठ, मिक्सर, पाणी. कैरी किती ते कोणीच सांगत नाहीये.

पाटावरवंटा – ७:२६
गूळ कुठला? फार पिवळाधमक गूळ हायड्रॉस घालून उजळलेला असू शकतो, त्याला वेगळीच चव येते. गडद तपकिरी गूळ घ्या. पन्हं काळपट दिसेल, दिसू दे.

अर्धा_चमचा – ७:४१
कैरीचा हिशेब घ्या. पेला १५० मिलिचा धरा. ७० जणींत जवळजवळ निम्म्या दुसऱ्यांदा घेतात, म्हणजे सुमारे १०० पेले, १५ लिटर. एका पेल्याला ३० मिलि गोड गर आणि १२० पाणी, म्हणजे एकास चार. ३ लिटर गोड गर लागेल. त्यासाठी उकडून पिळलेला नुसता गर दीड किलो आणि गूळ सव्वादोन किलो, वजनाने एकास दीड. कैरीत साल आणि कोय जाऊन साधारण निम्म्याहून थोडा जास्त गर निघतो, तेव्हा कैऱ्या ३ किलो घ्या. फार आंबट निघाल्या तर गूळ अडीच किलोपर्यंत न्या. मीठ ३ चहाचे चमचे, वेलची २० दाणे सोलून थोड्या साखरेबरोबर कुटून. गूळ किसून गर गरम असतानाच घाला, आपोआप विरघळतो, वेगळा पाक नको. मग सगळं पुरणाच्या चाळणीतून काढा. कैरीचे तंतू आणि गुळातली खर एकदमच निघते.

बर्फ घालणार असाल तर पाणी कमी करा. ३ लिटर गराला १० लिटर पाणी आणि २ किलो बर्फ. नाहीतर पहिल्या वीस जणींना बरोबर लागतं आणि शेवटच्यांना गोड पाणी.

केळफूल – ७:५०
बर्फ विकत आणणार असाल तर खाण्याचा आहे हे विचारून घ्या. निळसर दिसणारा बर्फ कारखान्यांसाठी असतो, तो पेयात नको.

समुद्रापार – ८:१५
इकडे ताज्या कैऱ्या मिळत नाहीत. गोठवलेल्या फोडींचं पन्हं करते, त्यात चीक-कोय काही भानगड नाही. तुम्ही कलिंगडाचं सरबत का नाही करत? बिया काढून फिरवायचं, गाळायचं, लिंबू, काळं मीठ, पुदिना. दहा मिनिटांत होतं.

तीन_शिट्ट्या – ८:१९
चैत्रगौरीला कलिंगडाचं सरबत??

कोकणकडा – ८:२४
मग कोकम द्या, एवढा जीव कशाला काढायचा. फक्त आगळ आणि अमृत कोकम यांत घोळ करू नका. आगळ मिठातलं असतं, ते सोलकढीला. सरबताला साखरेतलं अमृत कोकमच. दरवर्षी कोणीतरी आगळात साखर घालतं आणि मग खारट झालं म्हणून इथे विचारतं.

शुद्धलेखन_आजोबा – ८:३०
लेखनात 'पन्हे'. 'पन्हं' बोलण्यात.

पाटावरवंटा – ८:३२
आजोबा, चाखून तर बघा आधी.

मीठमिरची – ८:४४
जुई, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे की रात्री छान होतं आणि दुपारी कडू. तसं असेल तर चीक, कोय, साल तिन्ही सुटले. शिजताना उतरलेला कडवटपणा रात्रीच लागला असता. दोन गोष्टी सांगा. हे कडू कारल्यासारखं आहे की जिभेवर नाणं ठेवल्यासारखं? आणि रात्रभर पन्हं कशात होतं?

जुईचा_वेल – ८:५१
हो, नाण्यासारखंच! तोंड कसंतरीच होतंय. नळाच्या जारमध्ये ठेवलं होतं, फ्रिजमध्ये मावत नाही. त्यातूनच सगळ्यांना द्यायचंय, दिसतोही छान.

मीठमिरची – ८:५३
जार कशाचा?

जुईचा_वेल – ८:५५
तांब्याचा. पिण्याच्या पाण्याचा, घरातलाच. आता रिकामा करून बघितला, तर आत पन्ह्याच्या रेषेपर्यंत गुलाबी लखलखीत झालाय आणि वर पूर्वीसारखाच काळपट.

मीठमिरची – ९:०२
सगळं ओतून टाका, चाखूही नका. तो लखलखाट म्हणजे पन्ह्याने घासलेलं तांबं, आणि ते पन्ह्यातच उतरलंय. चिंच लावून तांब्या घासतो तेच झालं, फक्त आतून आणि बारा तास. गूळ-पाणी वाढवून ते जात नाही. असलं प्यायल्यावर मळमळ, उलट्या होतात. घरात कोणी पेलाभर प्यायलं असेल आणि त्रास होत असेल तर डॉक्टरांना तांब्याचं भांडं होतं हे सांगा. कैरी, लिंबू, कोकम, ताक यातलं काहीही तांब्यात किंवा बिनकल्हईच्या पितळेत ठेवायचं नाही, अगदी तासभरही. पाण्यासाठी तो जार उत्तम, पन्ह्यासाठी नाही.

तीन_शिट्ट्या – ९:१०
जार असेल कारण. पण देठ मोडून भिजवायला विसरू नका.

अर्धा_चमचा – ९:१८
स्टीलची नळवाली टाकी घ्या, भाड्याने भांडी देणाऱ्यांकडे असते, किंवा पाण्याचा प्लास्टिकचा कॅम्पर. गाळलेलं नसेल तर नळात तंतू अडकून धार बारीक होते, म्हणून चाळणी टाळू नका. आणि कितीही बारीक केला तरी गर तळाशी बसतो. नळ तळाशी, म्हणजे पहिले पेले घट्ट आणि नंतरचे पाणचट. लांब दांड्याचा डाव बाजूला ठेवा आणि दर दहा-बारा पेल्यांनी ढवळा. ३ लिटर एकदम कालवू नका. निम्मा गर फ्रिजमध्ये राहू दे, पहिली टाकी संपत आली की दुसरी कालवा.

केळफूल – ९:२५
मधुमेह असलेल्यांनाही चालेल, गुळाचं आहे ना.

मीठमिरची – ९:२९
नाही चालत. वरच्या हिशेबात एका पेल्यात २२ ग्रॅमच्या वर गूळ जातो, आणि गूळ म्हणजे बहुतेक साखरच. त्यांच्यासाठी गूळ घालण्याआधी वाटीभर गर बाजूला काढा. भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ, वाटलेला पुदिना, भरपूर पाणी. ८-१० पेले होतात.

जुईचा_वेल – ९:४०
बापरे. ओतलं सगळं. मी घोटभरच चाखलं होतं, ठीक आहे. टाकी शेजारच्या काकूंकडे आहे, स्टीलची. उद्या ३ किलो कैरी आणते आणि उद्याच रात्री गर करून फ्रिजमध्ये ठेवते. केशर घालायचं असेल तर कधी?

अर्धा_चमचा – ९:४६
चिमूटभर केशर जरा गरम करून चुरडा, दोन चमचे कोमट पाण्यात अर्धा तास, आणि पाणी कालवताना घाला. गुळाच्या पन्ह्यात रंग दिसणार नाही, नुसता वास. वेलची असताना गरज नाही खरंतर.

पाटावरवंटा – ९:५०
आणि आंब्याच्या डाळीला ७० जणींना हरभऱ्याची डाळ दीड किलो पुरे. ४-५ तास भिजवा, भरड वाटा.

जुईचा_वेल – ९:५२
डाळ सासूबाई करतायत.