‘रक्तस्तंभन’ चालेल का? (सिझरच्या वणाचं ऑपरेशन)

कोथरूडकर: एका स्त्रीरोगतज्ज्ञांचं संमतिपत्र मराठीत करतेय. सिझरच्या जुन्या टाक्यांपाशी गर्भाशयाला आतून खळगा पडतो, तिथे पाळीचं रक्त साचतं आणि पाळी संपली तरी तपकिरी डाग जात राहतात. दुर्बिणीतून तेवढा भाग कापून पुन्हा शिवतात. त्या वेळी रक्त कमी जावं म्हणून व्हॅसोप्रेसिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) पातळ करून टोचतात, किंवा गर्भाशयाच्या धमन्या थोडा वेळ बंद ठेवतात. अडलंय ‘हीमोस्टॅसिस’पाशी, म्हणजे रक्त वाहायचं थांबवणं. ‘रक्तस्तंभन’ लिहिलं तर डॉक्टर हसले.

टाकेवाला: हसणारच. ‘स्तंभन’ म्हटलं की भिंतीवरच्या जाहिराती आठवतात.

शनिवारपेठ: शब्द बिघडलेला नाही, वाचणारे बिघडलेत. सुश्रुताने रक्त थांबवायचे चार उपाय सांगितलेत: संधान (जखम जोडणं), स्कंदन (थंडाव्याने रक्त गोठवणं), पाचन (भस्म लावून सुकवणं), दहन (डाग देणं). तुमची डायथर्मी, विजेने डाग देतात ती, म्हणजे दहनच की! आणि आधी ‘रक्तस्राव’ नीट लिहा. धातू ‘स्रु’, सगळीकडे ‘स्त्राव’ दिसतं, त्यात त आला कुठून?

मावशी७१: बोलताना येतो हो. सहस्रबुद्ध्यांनाही लोक त लावतातच.

टाकेवाला: ऑपरेशन थिएटरात वीस वर्षं काढलीत. व्हॅसोप्रेसिन टोचलं की गर्भाशय डोळ्यांदेखत पांढरं पडतं. टोचण्याआधी भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगायचं, कारण औषध थेट रक्तात गेलं तर बीपी चढतं, नाडी मंदावते. मूत्राशय वणाला चिकटलेलं असलं की सोडवतानाच रक्त येतं. आणि दहन फार केलं तर कडा करपतात, मग टाके नीट भरत नाहीत. तिथे संधानच बरं. फॉर्मात सरळ ‘रक्त आटोक्यात ठेवणे’ लिहा.

शनिवारपेठ: म्हणजे शास्त्र मराठीत येऊच द्यायचं नाही!

मावशी७१: माझ्या सुनेच्या फॉर्मात ‘रक्तवाहिनीस तात्पुरता चिमटा लावण्यात येईल’ असं होतं. ती रात्रभर विचारत होती, “आई, काढतात ना तो नंतर?”

कोथरूडकर: ‘आणि काढला जाईल’ आत्ताच घातलं. खळग्याला इंग्रजीत ‘निश’ म्हणतात, मग कोनाडा लिहू का?

शनिवारपेठ: कोनाडा मुद्दाम ठेवतात, हा पडलेला आहे. खळगाच.

मावशी७१: आमच्याकडे कोनाड्याला देवळी म्हणायचे.

शनिवारपेठ: देवळी दिव्याची. कोनाडा वेगळा.

कोथरूडकर: आणि हीमोस्टॅसिस? सोमवारी द्यायचंय.

मावशी७१: दिव्याचीच कशी? नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात देवळीत कुंकवाचा करंडा असायचा.