दाबलेली फुलं: तुमचे अनुभव सांगा

परवा जुन्या डिरेक्टरीचा ठोकळा उघडला आणि फ्लॉक्सची फुलं टपटप खाली पडली. तीन वर्षांपूर्वीची, तरी जांभळा रंग टिकून होता. त्यांची भेटकार्डं केली आणि वाटलं, फुलं दाबून जपणारे इथे आणखी असणारच. काय दाबता, त्याचं काय करता, काय बिघडलं, सगळं लिहा.

सुरुवात मी करते. फूल सकाळी दव पूर्ण वाळल्यावर तोडते. वर्तमानपत्राच्या घडीत एकमेकांना लागणार नाहीत अशी मांडते आणि वर पाटा. पहिले चार दिवस कागद रोज बदलायचा. फुलातलं पाणी कागदात उतरतं. तो ओला कागद तसाच राहिला की पाकळी काळी पडते. पुढे दोन-तीन आठवडे डोकवायचंसुद्धा नाही.

नाशिकहून

अख्खा गुलाब दाबण्यात माझं एक वर्ष गेलं. मधला गड्डा वाळतच नाही. आता पाकळ्या सुट्या दाबते आणि चिकटवताना फूल पुन्हा जुळवते. गडद लाल गुलाब वाळून जवळजवळ काळा होतो, म्हणून गुलाबी आणि पिवळेच घेते. बोगनवेलीला मात्र तोड नाही! तिचा रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नव्हेतच, पानंच ती. मुळात कागदासारखी, आठवड्यात तयार. नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

रत्नागिरीहून

पाट्याखालची पद्धत आमच्याकडे पावसाळ्यात चालत नाही. जुलैत गोकर्ण दाबली होती, दोन आठवड्यांनी घडी उघडली तर सगळ्यावर पांढरी बुरशी. आता पावसात इस्त्री वापरते. वाफ बंद, आच मंद, दोन कोऱ्या कागदांमध्ये फूल. दहा-बारा सेकंद टेकवायची, उचलायची, कागद गार होऊ द्यायचा, पुन्हा टेकवायची. इस्त्री घासायची नाही, पाकळी दुमडते. मग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात.

बंगळूरहून

फूल रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात) बसवून पेंडंट करणाऱ्यांसाठी: हाताला कोरडं लागलं म्हणजे फूल वाळलं असं नाही. माझ्या पहिल्या सहा पेंडंटमध्ये महिन्याभरात पाकळ्यांभोवती तपकिरी डाग पसरले. एक तर मैत्रिणीला वाढदिवसाला दिलं होतं, फार वाईट वाटलं. आता तीन आठवडे पूर्ण झाल्याशिवाय रेझिन कालवत नाही.

ठाण्याहून

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. विद्यार्थ्यांना सांगायचो तेच सांगतो: फुलाशेजारी नाव, गाव आणि तारीख लिहा, त्याच दिवशी. मुंबईत सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, शंभर वर्षांपूर्वीचे नमुने आजही अभ्यासता येतात, ते अशा चिठ्ठ्यांमुळेच. आणखी एक कळकळीची विनंती. कास पठारावरचं एकही फूल तोडू नका. सह्याद्रीच्या इतर जागांबरोबर ते 2012पासून जागतिक वारसा आहे आणि तिथल्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कुठे उगवत नाहीत. आपल्या कुंडीतलं, अंगणातलं घ्या.

सांगलीहून

आमचं जुनं घर विकलं त्या सकाळी अंगणातल्या पारिजातकाचा सडा ओंजळीत घेतला आणि आईच्या हिशोबाच्या वहीत ठेवला. कागद बदलणं वगैरे काही माहीत नव्हतं. महिन्याने पाहिलं तर पांढऱ्या पाकळ्या चहाच्या रंगाच्या झालेल्या, इतक्या पातळ की खालची आईची अक्षरं त्यातून दिसत होती. देठ मात्र केशरीच. अकरा फुलं शाबूत निघाली. ती वहीच्या त्याच पानावर चिकटवून फ्रेम करायची आहे. देठांचा रंग टिकेल ना?

सांगलीच्या ताईंना

आधी एका सुट्या देठावर करून बघा. फेव्हिकॉल पाणी घालून पातळ करा आणि टूथपिकच्या टोकाने फक्त देठाखाली लावा. पाकळीला लागला तर ती चुरगळेल. फुलं काचेला टेकू देऊ नका, कडेने पुठ्ठ्याची पट्टी घाला. फ्रेम ऊन येणाऱ्या भिंतीवर नको, उन्हाने रंग उडतो. आणि अकराही फुलं एकदम लावू नका, दोन-तीन वहीतच राहू द्या.