नगर हवेली दिली, पण किती?

पेशव्यांनी दमणजवळची नगर हवेली पोर्तुगिजांना देऊनच टाकली होती, असं म्हटलं जातं. हे अर्धंच खरं आहे. १७७९ च्या तहात १२ हजार रुपये महसुलाची गावं देण्याचं ठरलं. दमणहून दादरा-नगर हवेलीला भारताच्या हद्दीतून जाण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने भारतावर दावा लावला होता. त्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० मध्ये तो कागद बारकाईने तपासला आणि स्पष्ट म्हटलं की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, सरंजामासारखा; सार्वभौमत्व नव्हे. पोर्तुगिजांचं सार्वभौमत्व पुढे इंग्रजांनी आपल्या वागण्यातून मान्य केलं, म्हणून पोर्तुगालची बाजू तेवढी टिकली.

दुसरा मुद्दा १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराचा. तो मुळात व्यापाराचा: जकात, मीठ, मुरगावची रेल्वे. गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांचा ताबा आला आणि तिथल्या लोकांचे फार हाल झाले. पण त्याच करारात एकाच्या फौजेने दुसऱ्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नये असंही कलम होतं. त्यानंतर दमणहून दादराला सैन्य न्यायला पोर्तुगिजांना आधी इंग्रजांची परवानगी लागत होती, हे न्यायालयाला दिसलं. म्हणूनच माणसं, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांच्यापुरताच वाटेचा हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना तो नाकारला, तोही ८ विरुद्ध ७ मतांनी.