पुंगळी जुळली म्हणतात, आता वकील कुठून आणू?

वाईकर: मावसभाऊ खुनाच्या केसमध्ये आत आहे, सातारा सेशन कोर्टात तारखा चालू. परवा मुद्देमालाची पिशवी उघडली. लाखेच्या सीलचा कोपरा उडालेला, आत गावठी कट्टा आणि एक पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेलं रिकामं काडतूस. लॅबचा अहवाल म्हणतो, जुळते. त्यातच आमच्या वकिलांनी फी थकली म्हणून केस सोडली, कागदही देईनात. मावशीने आधीच गंठण मोडलंय.

कृष्णाकाठ: कोठडीतल्या आरोपीला 1987 च्या विधी सेवा कायद्यात मोफत वकील आहे, उत्पन्नाची अट नाही. तुरुंगातूनच अर्ज द्या. आणि फीसाठी कागद अडवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने 2000 साली सांगितलंय.

सांगलीचा निवृत्त कारकून: मुद्देमाल सांभाळण्यात केस पिकले माझे. कट्ट्याची नळी बहुधा गुळगुळीत, गोळीवर धड खुणा उठत नाहीत. भर असतो पुंगळीच्या बुडावर, पिनेच्या ठोक्यावर. लॅबवाले त्याच कट्ट्यातून बार काढून दोन्ही पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी लावतात. तुम्ही पाहिलेलं सील बहुतेक लॅबचं असणार, पोलिसांचं नव्हे! जप्तीपासून लॅबपर्यंत पिशवी कुणाकडे होती, ते रजिस्टरात बघायला सांगा.

वाईकर: अहवाल लिहिणारा कोर्टात येतच नाही का?

कृष्णाकाठ: सरकारी तज्ज्ञाचा अहवाल थेट वाचता येतो (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 293, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 329). उलटतपासणी हवी तर त्याला बोलवायचा अर्ज द्यावा लागतो. नव्या वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा.

वाईकर: सोमवारी जातो. गंठणाची पावती मावशीने पदराला बांधून ठेवलीय अजून.